खाणपट्ट्यातल्या गावठी कोंबड्या: अंडी खावीत का?

प्रश्न (घुग्घुस परिसर, जि. चंद्रपूर): साहेब, घर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत आहे. गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात. काही घुरघुरतात, अंडीही कमी झाली. हे धुळीमुळे का? लेकरांना अंडी द्यावीत का?

उत्तर: ताई, सगळं धुळीवर ढकलण्याआधी सांगा, मानमोडीची (राणीखेत) लस दिली होती का? घुरघुर, हिरवी हगवण, वाकडी मान दिसली की पहिला संशय तिचाच. एखादी दगावली तर उकिरड्यावर फेकू नका, शवविच्छेदनासाठी लगेच दवाखान्यात पोचवा.

धुळीचा त्रास खराच आहे. श्वासनलिका चुरचुरते, सीआरडीसारखा (कोंबड्यांचा श्वसनाचा) जुना आजार उसळतो. पण मला जास्त काळजी चोचीची वाटते. कोंबडी दाणा दळायला खडे गिळते, मातीतले किडे वेचते, वर धुळीत लोळते. अंगणात वीजकेंद्राच्या राखेची भर टाकली असेल तर तिथे तिला फिरकू देऊ नका. कोळसा जळून जातो, पण शिसं, आर्सेनिक बरंचसं राखेत उरतं. शेगडीतली दगडी कोळशाची राखही लोळायला नको.

झांबियात काब्वे इथे 1902 ते 1994 शिसं-जस्ताची खाण चालली. तिथल्या मोकळ्या कोंबड्यांच्या यकृतात (कलेजीत) आणि मूत्रपिंडात ब्रॉयलरपेक्षा जास्त शिसं सापडलं. आपल्याकडे खाणी कोळशाच्या, त्यामुळे तेवढं शिसं इथे असेल असं मी म्हणणार नाही. पोटात जायची वाट मात्र तीच. शिसं हाडात साठतं. कवचासाठी हाडातलं कॅल्शियम निघतं तेव्हा तेही सुटतं आणि बलकात उतरतं. कोंबडी वरून ठणठणीत दिसते, म्हणून फसगत होते.

रस्त्याकडची बाजू जाळीनं बंद करा. दाणा जमिनीवर उधळायची सवय मोडा, भांड्यात द्या. पाणी झाकलेलं, रोज बदललेलं. शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा, कॅल्शियम पुरेसं मिळालं तर शिसं कमी शोषलं जातं. घरच्या अंड्यांची टरफलं मात्र तूर्त परत खाऊ घालू नका.

शिशाची सुरक्षित अशी मात्रा नाही, त्यामुळे तपासणी होईपर्यंत लहान लेकरं आणि गरोदर बाईला ही अंडी आणि कलेजी देऊ नका. अंडी आणि अंगणातली माती, दोन्हींची तपासणी हवी. जड धातूंची सोय प्रत्येक प्रयोगशाळेत नसते, नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात आधी चौकशी करा. शिसं जास्त निघालं तर त्या कोंबड्या बाजारात नेऊ नका, अहवाल घेऊन दवाखान्यात या.