तांब्या पंधरा वेळा काढा

या महिन्यातल्या निम्म्याहून अधिक पत्रांत शब्द वेगळे, पण अडचण एकच आहे: ‘चित्रात माझी स्वतःची शैली कशी येईल?’ म्हणून आज मुख्यतः तेच घेते.

प्रश्न : काळा रंग कधीच वापरू नये म्हणतात. खरं का?

नाही. सावलीत सरसकट काळा कालवला की चित्र मळकं होतं, एवढंच त्यात तथ्य. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) मिसळून करडा करा, शेजारी काळ्यापासून केलेला करडा लावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी ठरवा.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या तयारीने त्याची शैली बिघडेल का?

बिघडत नाही. वस्तुचित्राचा आणि स्मरणचित्राचा सराव जन्मभर पुरतो. मात्र अख्ख्या वर्गाकडून एकच चित्र पाठ करून घेत असतील, तर आधी त्याच्या शिक्षकांना भेटा.

प्रश्न : मी मोबाइलवरचे फोटो बघून, कधी ट्रेस करून चित्रं काढते. लोकांना आवडतात, पण ती ‘माझी’ वाटत नाहीत.

कशी वाटतील? काय गाळायचं, कुठली कड पुसट ठेवायची, सावली किती गडद घ्यायची, हे सगळं कॅमेऱ्याने आधीच ठरवलेलं. तुमच्या हाताला उरतं ते गिरवणं. शैली म्हणजे हेच निर्णय, आणि ते तुम्ही घेतच नाही.

घरातला तांब्या खिडकीशी ठेवा आणि पंधरा वेळा काढा. पहिले तीन डोक्यातले येतील: दोन्ही बाजू अगदी सारख्या, तोंड गोल गरगरीत. चौथ्या-पाचव्या वेळी दिसेल, की डोळ्याच्या उंचीप्रमाणे तोंडाचा लंबगोल चपटा होतो, पोटावर खिडकीचं प्रतिबिंब वाकतं, आणि अंधाऱ्या बाजूलाही ओट्यावरून परतलेला उजेड थोडा चढलेला असतो. दहाव्यानंतर कंटाळा येतो आणि हात आपोआप काही गोष्टी सोडायला लागतो. काय सोडतो, तिकडे लक्ष ठेवा.

माझ्या एका विद्यार्थिनीची वीस चित्रं आम्ही जमिनीवर मांडली. उजेडाकडची कड तिने एकाही चित्रात रेषेने बंद केली नव्हती. कागदाचा पांढरा सरळ वस्तूत शिरत होता. तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. असली गोष्ट कुणी शिकवून येत नाही.

फोटो आठवणीपुरता जवळ ठेवा, पण ट्रेसिंग जितकं लांबेल तितकं ते सोडणं जड जातं. आज संध्याकाळीच बसा. पंधरा झाले की मूळ कागद घेऊन जाणकार चित्रकाराकडे जा. मोबाइलवर पाठवू नका. पेन्सिलीचा दाब आणि रंगाचे थर त्यात कळत नाहीत.

प्रश्न : ‘२१ दिवसांत स्वतःची शैली’ असा ऑनलाइन कोर्स आहे, सोबत ४८ रंगांची पेटी. घ्यावा का?

घेऊ नका. असं आश्वासन देणं ही नवशिक्यांची फसवणूक आहे आणि मला त्याचा संताप येतो. चित्रकार एस. एच. रझा तरुणपणी जलरंगात मुंबईची दृश्यं रंगवत होते, १९५० मध्ये फ्रान्सला गेले, आणि ज्या ‘बिंदू’मुळे, म्हणजे चित्रातल्या मोठ्या गोल ठिपक्यामुळे, आज आपण त्यांना ओळखतो, तो पन्नाशी उलटल्यावर आला. मधल्या वर्षांत ते सतत रंगवत होते.

पेटीचंही तसंच. एक पिवळा, एक लाल, एक निळा आणि बर्न्ट सिएना, एवढ्यावर सहा महिने काढा. रंग मिसळण्याची तुमची सवय त्यातूनच बनेल. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला आहे का ते बघून घ्या. अलिझरिन क्रिम्झन (पीआर ८३) हा लाल सुंदर दिसतो, पण उजेडात फिका पडतो. नक्की कुठला लाल घ्यायचा, ते रोज जलरंग हाताळणाऱ्याला विचारा, दुकानदाराला नव्हे.

प्रश्न : रोज चार तास रेखाटन करते. दोन महिने अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय. सराव कमी केला तर हात बसेल का?

रेखाटन आजच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन महिने अंगावर काढलंत, तेच फार झालं.