पोटपानांवर मेनू का गायब होतो

भाऊ, तुझ्या रावेरच्या केळीच्या साइटचा कोड पाहिला. मेनू ‘केळी’ पानावर दिसतो अन् त्याच्या खालच्या ‘लागवड’ या पोटपानावर गायब होतो, कारण तू फक्त ‘इज_पेज’ला (उघडलेलं पान हेच का, हे सांगणारं फंक्शन) ‘केळी’ देऊन तपासतोयस. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे तुझी साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्यात, ते त्या एकाच पानापुरतं खरं ठरतं, त्याची लेकरं म्हणजे पोटपानं त्यात येत नाहीत.

लेकरासाठी ‘पोस्ट_पॅरेंट’ बघ. त्यात थेट वरच्या पानाचा (पॅरेंटचा) आयडी, म्हणजे क्रमांक असतो, सगळ्यात वरच्या पानाला 0. पण तेवढ्यावर थांबू नकोस. तुझं ‘करपा’ पान ‘रोग’खाली आहे आणि ‘रोग’ ‘केळी’खाली. म्हणजे ते नातू झालं, त्याचा पॅरेंट ‘केळी’ नाहीच! तिथे ‘गेट_पोस्ट_अँसेस्टर्स’ लागतं. ते बाप, आजोबा असे सगळे आयडी देतं, शेवटचा सगळ्यात वरचा. ‘केळी’चा आयडी 12 असेल, तर पान स्वतः 12 आहे किंवा या यादीत 12 आहे, एवढीच अट ठेव. मी सरळ हेच लावतो.

आणि अट आयडीवरच लाव. जळगावच्या एका कामात मी शीर्षकावर लावली होती. मालकांनी ‘केळी’चं ‘केळी बाग’ केलं आणि ऐन काढणीत मेनू गेला. पोटपानांची यादी छापायला ‘डब्ल्यूपी_लिस्ट_पेजेस’ वापर, ‘चाइल्ड_ऑफ’मध्ये 12 दे.