सुईची वही खोटं बोलत नाही

प्रश्न : सोलापुरात आमचा टॉवेलचा कारखाना आहे, ६५ कामगार. परदेशी बायरने पहिल्यांदाच ‘स्मेटा’ ऑडिट (कामाचे तास, पगार, सुरक्षितता यांची तपासणी) मागितलंय. कन्सल्टंट म्हणतो, आठ तासांचं वेगळं मस्टर (हजेरीपत्रक) तयार करून देतो, पास होणारच. करावं का?

नका करू. मुळात स्मेटामध्ये पास-नापास असं काही नसतंच. ऑडिटर त्रुटी लिहितो, त्या कधीपर्यंत दुरुस्त करणार ते ठरतं, अहवाल सेडेक्सवर, म्हणजे बायर आणि कारखान्यांच्या सामायिक ऑनलाइन व्यासपीठावर, चढतो आणि पुढचं बायर बघतो. म्हणजे तुमचा कन्सल्टंट नसलेली वस्तू विकतोय.

मी स्वतः अशी ऑडिटं करतो, म्हणून खोटं मस्टर सापडतं कसं, ते सांगतो. शिलाई विभागात मोडलेल्या सुयांची वही असते. मालात सुईचा तुकडा जाऊ नये म्हणून मोडलेली प्रत्येक सुई तारीख-वेळ घालून पानावर चिकटपट्टीने लावतात. एका कारखान्यात मस्टरवर महिनाभर सगळे सहाच्या ठोक्याला घरी गेलेले. सुईच्या वहीत मात्र रविवारी रात्री पावणेदहाला मोडलेली सुई, तिचे तीन तुकडे आणि शेजारी शिलाईवाल्या ताईंची सही. मस्टरवर त्या दिवशी ताईंची साप्ताहिक सुट्टी! मॅनेजरसाहेबांनी वही पाहिली आणि आमच्यासाठी चहा मागवला. मस्टर रंगवणारा कितीही हुशार असो, सुईची वही, प्रथमोपचाराची वही, गेटवरचं गाड्यांचं रजिस्टर वेगवेगळी माणसं लिहितात. त्या सगळ्यांना कोण पढवणार?

रोज दहा-अकरा तास काम चालत असेल तर तसंच दाखवा. जादा तासांची त्रुटी लागेल, पण ती सुधारता येते. जादा तासांना (ओटी) दुप्पट दर कायद्यानेच आहे. सिंगलने देत असाल तर फरक आताच चुकता करा. खोट्या नोंदी सापडल्या की मात्र बायर बाकीच्या कागदांवरही विश्वास ठेवत नाही.

न विचारलेलं एक सांगतो. आवारात कुणी राहतं का? मे २०२५ मध्ये सोलापूरच्याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत मालकासह ८ जण गेले, त्यात एक लहान मूल होतं. यंत्रं, सूत आणि माणसांची अंथरुणं एका छपराखाली नकोत. मस्टरच्या आधी हे बघा.

प्रश्न : मी गारमेंटमध्ये शिलाईला आहे. ऑडिटच्या आदल्या दिवशी सुपरवायझर आमच्याकडून उत्तरं पाठ करून घेतात. खरं बोलले तर माझं नाव कळेल का?

नियम असा, की मुलाखतीला मॅनेजमेंटचं कुणी बसत नाही आणि कोण काय बोललं ते ऑडिटरने सांगायचं नसतं. पण आत कोण गेलं होतं हे सगळ्या लाइनला दिसतं, तेव्हा तुमची भीती खोटी नाही. म्हणून मी पाच-सहा जणींना एकत्र बोलावतो, आणि कुणी काही सांगितलं तरी तेच कागदात सापडल्यावर कागदाच्या नावाने लिहितो. सगळे ऑडिटर एवढं करतात असं मी म्हणणार नाही.

पाठांतर आम्हाला लगेच कळतं. मी “जेवलात का ताई?” विचारतो, आणि उत्तर येतं, “पीएफ, ईएसआय, सुट्टी सगळं वेळेवर मिळतं, सर.” बोलायचा धीर होत नसेल तर एवढंच म्हणा : “माझी या महिन्याची स्लिप बघा.” आणि पीएफचं पासबुक अधूनमधून मोबाइलवर तपासत जा. पगारातून कापलेले पैसे तिथं जमा दिसले पाहिजेत.

प्रश्न : पॅकिंगची माणसं ठेकेदाराची आहेत. त्यांचे कागद आम्ही का ठेवायचे?

कारण ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर येते. त्याचं बिल देण्याआधी पगारपत्रक आणि पीएफचं चलन मागा.

प्रश्न : मी जर्मनीत राहते. सर्टिफिकेट असलेल्या कारखान्यातले कपडे घेतले की निश्चिंत राहावं का?

कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याकडे कामगारांच्या हक्कांचं एसए ८००० हे सर्टिफिकेट होतं, मिळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. ११ सप्टेंबर २०१२ ला तिथं आग लागली. खिडक्यांना गज, बाहेर पडायच्या वाटा बंद. अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्या कारखान्याचा मोठा गिऱ्हाईक जर्मनच होता. ब्रँडला सर्टिफिकेट नका विचारू, कारखान्यांची यादी विचारा. ती छापणारे ब्रँड आहेत.

प्रश्न : मी बीडचा. आमच्या लोकांनी तोडलेल्या उसाची साखर मोठमोठ्या कंपन्या घेतात, त्यांची ऑडिटंही होतात म्हणे. मग फडात कधी कुणी का आलं नाही?

कारण फडात मस्टर नाही. ऑडिटर कारखान्याच्या गेटातून आत जातो, हेल्मेट घालतो, बॉयलर बघतो, कायम कामगारांचे पगार तपासतो आणि संध्याकाळी परततो. ऊसतोड कामगार त्या कागदांत कुठंच नसतो, त्याचा व्यवहार मजूर पुरवणाऱ्या मुकादमाशी. उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेतली की हंगाम बांधला. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल एक, टनामागची मजुरी एक, आणि बाईच्या नावाचा कागद एकही नाही. खाडा झाला (कामाचा दिवस बुडला) तर उलट दंड. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. शहरातल्या कारखान्यात असं सापडलं तर आम्ही ‘कर्जापोटी वेठबिगारी’ लिहून त्याच रात्री बायरला फोन करतो. वेठबिगारी आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने बंद आहे.

खाड्याच्या या धास्तीत बायकांची दुखणी अंगावर निघतात. २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे बीड जिल्ह्याची आकडेवारी आली : पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हा विषय शीतपेय कंपन्यांच्या साखरेशी जोडून छापला, तेव्हा कुठं बायर जागे झाले.

तुम्हाला काही करायचं असेल तर गावातल्या जोड्यांच्या उचलीचा हिशेब वहीत लिहून ठेवायला लागा : किती घेतली, किती टन तोडला, खाड्याचे किती कापले. फडातून आलेला असा कागद मला आजवर एकदाच मिळाला, चौथीतल्या मुलीने पेन्सिलीने लिहिलेला, आणि त्या अहवालात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. ऑडिटर येणार असं कळलं तर त्याला जानेवारीत बोलवा, पहाटे चारला, आणि मुकादमाला आधी सांगू नका.