व्हिडिओ आणि इन्स्टॉलेशन करणाऱ्याला रेखाटनाची गरज असते का?

तुम्ही विचारले आहे की कॉलेज सुटल्यापासून काम व्हिडिओ आणि इन्स्टॉलेशनचे (जागेत वस्तू मांडून केलेल्या कलाकृतींचे) चालते, रेखाटन फक्त मांडणीचा कच्चा आराखडा काढण्यापुरते उरले आहे. आजच्या कलावंताच्या कामात त्याला याहून मोठी जागा असते का?

असते. ती कोणती, हे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे कलावंत विल्यम केंट्रिज यांच्या कामात मला सगळ्यांत स्पष्ट दिसते. ते ऑपेरा बसवतात, शिल्पे करतात, व्हिडिओ करतात. पण १९८९ मध्ये सुरू झालेली त्यांची छोट्या फिल्म्सची मालिका कोळशाच्या रेखाटनांतून तयार झाली आहे. नेहमीच्या हातच्या ॲनिमेशनमध्ये हालचालीच्या टप्प्यागणिक नवे चित्र काढतात. केंट्रिज एकच कागद भिंतीला लावतात, रेखाटतात, कॅमेऱ्यापाशी जाऊन एक-दोन फ्रेम टिपतात, परत येऊन थोडे पुसतात, थोडे नव्याने काढतात आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे जातात. प्रत्येक दृश्याला एक कागद, त्यामुळे आठ-नऊ मिनिटांच्या फिल्मला काही डझन कागद पुरतात.

कोळसा पूर्ण पुसला जात नाही. सरकलेल्या माणसामागे करडा माग राहतो. १९९४ च्या ‘फेलिक्स इन एक्झाइल’मध्ये मारल्या गेलेल्यांचे देह वर्तमानपत्रांनी झाकले जातात आणि जमिनीत विरून जातात. दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या लोकांनी मतदान केलेली पहिली निवडणूक त्याच वर्षी झाली. नवा देश आपले मेलेले विसरणार का, हा प्रश्न तिथे पुसण्याच्या क्रियेतूनच उभा राहतो. हेच दृश्य कॅमेऱ्याने थेट चित्रित केले असते तर ते नुसते दाखवणे झाले असते.

दुसरी गोष्ट मला याहून मोलाची वाटते. त्यांच्याकडे आधी लिहिलेली पटकथा नसते. ‘माइन’ (१९९१) मध्ये पलंगावर बसलेला खाणमालक कॉफी गाळण्याच्या भांड्याचा दांडा खाली दाबतो. तो दांडा ट्रे आणि पलंग भेदून थेट खाणीत उतरत जातो. भांडे स्टुडिओत हाताशी होते म्हणून चित्रात आले, आणि दांडा खाली नेता नेता पुढचे सुचले, असे त्यांनी सांगितले आहे. कागद ते कॅमेरा ही ये-जा म्हणजेच त्यांचा विचार करण्याचा वेळ. तुमच्या कामातून हीच जागा गेली आहे असे दिसते: आराखड्यात आपण ठरलेलेच काढतो.

सगळ्यांनी कोळसाच घ्यावा असे मुळीच नाही. भारतीय चित्रकार नसरीन मोहमदी यांच्याकडे पेन्सिल आणि शाईच्या रेषा हेच पूर्ण काम होते. चित्रकार प्रभाकर बरवे डायऱ्यांत रेखाटने आणि टिपणे शेजारी शेजारी ठेवत. पण व्हिडिओ करणाऱ्याने केंट्रिज यांची पद्धत एकदा तरी हाताने करून पाहावी.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितक्या ग्रॅमचा, म्हणजे जाड), किंचित खरखरीत घ्या. पातळ कार्ट्रिज कागदाचे तंतू पाच-सहा वेळा पुसल्यावर उभे राहतात आणि तिथे काळे डाग पडतात. फार गुळगुळीत कागदावर कोळसा धरतच नाही. हलणाऱ्या भागासाठी साध्या काडीचा चारकोल वापरा. दाबून बनवलेल्या चारकोलमध्ये चिकटद्रव्य असते, तो नीट निघत नाही. तो स्थिर काळ्या भागांना ठेवा. पुसताना आधी मऊ कापडाने झटका, मग पुट्टी रबर (मळता येणारे मऊ खोडरबर) दाबून उचला. घासलात तर भुकटी कागदात मुरते. बोटही लावू नका, त्वचेचे तेल लागले की ती जागा कायमची चिवट होते.

हलणारी वस्तू पुसली की तिच्यामागचा भाग पुन्हा काढावा लागतो, आणि गेलेला शुभ्रपणा परत येत नाही. माग हवा असेल तर हालचाल उजळ भागावरून न्या, लपवायचा असेल तर गडद भागावरून. हा निर्णय पहिली रेघ मारण्याआधीच घ्या.

फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवा, पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखा, शटर रिमोटने दाबा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा. एकही ऑटोवर राहिले तर फिल्म फ्रेमागणिक लुकलुकते. पडदे बंद करून दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर १/५० सेकंद ठेवले की दिव्यांची लुकलुक टिपली जात नाही. कपडे गडद घाला आणि फोटो घेताना दर वेळी एकाच जागी उभे राहा, कारण पांढऱ्या शर्टाचा उजेडही कागदावर पडतो. रबराचा चुरा कोरड्या ब्रशने आधी झाडा.

सेकंदाला १२ फोटो पुरेत. दहा सेकंदांना १२० बदल, एका बदलाला मिनिटभर धरले तर दोन तास. सुरुवातीला एवढेच करा, आणि फक्त पहिले चित्र ठरवून बसा. साधारण तिसाव्या-चाळिसाव्या बदलापर्यंत हात कंटाळतो, आणि तेव्हा जे अनपेक्षित सुचते ते टाळू नका. बिघडले असे वाटले तरी आधीचे फोटो खोडू नका. बिघाड पुढच्या दहा फ्रेममध्ये वळवता येतो.

फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर पक्का बसवणारा फवारा) काम चालू असताना कधीच मारू नका, मारले की पुसणे संपले. शेवटचा फोटो झाल्यावर फूटभर अंतरावरून, उघड्या खिडकीशी, दोन हलके हात द्या. कागद रचून ठेवताना मध्ये बटर पेपर घाला. पावसाळ्यात कागद सादळून फुगतो आणि फ्रेममध्ये कडा हलताना दिसतात, म्हणून त्या दिवसांत तो बोर्डवर चारही बाजूंनी गमटेपने ताणून मगच काम सुरू करा.