मधले दिवस कोण दाखवणार?

(वाचकांचे प्रश्न, प्लास्टिक सर्जनची उत्तरं. सरकारी हॉस्पिटलातून रिटायर झालेय, त्यामुळे आता कुणाला खूश ठेवायची गरज नाही.)

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची आहे, कॉलेजला जाते. अमेरिकेतल्या मेकओव्हर शोच्या जुन्या क्लिपा सारख्या फोनवर बघत असते. आता तिला नाक करून घ्यायचंय आणि तेही दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे लगेच कॉलेज सुरू करता येईल. आमचे हे म्हणतात, करू दे, पुढे स्थळं बघताना बरंच पडेल. मला मात्र झोप नाही. काय करू? — एक आई, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली ती दिवाळीची सुट्टीच मला सगळ्यात जास्त खटकली, कारण ती थेट टीव्हीतून आलीये. शोमध्ये काय होतं, पोरगी रडत आत जाते, डॉक्टर पेनाने रेघा मारतो, मग जाहिराती, आणि जाहिराती संपल्या की पोरगी गाऊन घालून जिन्यावरून खाली येते. मधले सगळे दिवस कापलेले.

ते दिवस कसे असतात सांगते. नाकावर साधारण आठवडाभर स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी. डोळ्यांभोवती काळंनिळं. उशा रचून डोकं वर ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, चष्मा असेल तर काही आठवडे तो नाकावर टेकवायचा नाही. आणि स्प्लिंट निघतं त्या दिवशी नाक सुंदर वगैरे अजिबात दिसत नाही हो, सुजलेलं, जाडं, आधीपेक्षा वाईट दिसतं. माझ्या ओपीडीत गुलाबी फ्रेमचा बाजारातला एक हातआरसा होता, तो मी पेशंटच्या हातात द्यायचे आणि शेजारी नॅपकिन ठेवायचे, कारण निम्म्या मुली तिथेच रडायच्या. शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्षसुद्धा लागतं. आणि एवढं करून मनासारखं झालं नाही तर काहींना परत टेबलावर यावं लागतं.

म्हणून करूच नये असं मी म्हणत नाहीये. एकोणीस म्हणजे सज्ञान, सही तिचीच, तुमची नाही आणि तिच्या बाबांचीही नाही. पण स्थळासाठी करू दे हे कारण बाबांचं आहे, तिचं काय आहे ते तिला एकटीला विचारा. चांगला सर्जन पहिल्या भेटीत तारीख देत नाही, दोन-तीनदा बोलावतो, नेमकं काय खुपतं ते विचारतो. ती नाकापायी फोटोत येत नसेल, दिवसातून पन्नासदा आरसा बघत असेल आणि बाकीच्यांना मात्र त्या नाकात काही दिसतच नसेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे, कारण अशा आजारात नाक बदललं तरी समाधान होत नाही, मग हनुवटी खुपायला लागते. आणि खरंच बाक असेल, तिला तो शांतपणे नको असेल, तर उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत करा की. पैशांचं म्हणाल तर नुसतं दिसण्यासाठी असेल तर विमा बहुतेक देत नाही.

प्रश्न : मालिकेत अपघातानंतर नायिकेचा चेहराच बदलतो, नवरासुद्धा ओळखत नाही. असं होतं का? — नागपूर

उत्तर : नट बदलायचा असला की होतं. खरा चेहरा बराचसा हाडांवर असतो, आवाज तोच, चालणं तेच, नवरा ओळखणारच. (न ओळखल्याचं दाखवत असेल तर तो वेगळा विषय.) दुसऱ्याच्या चेहऱ्याचं प्रत्यारोपण म्हणाल तर ते पहिल्यांदा २००५ मध्ये फ्रान्समध्ये झालं, तेही अर्धवट चेहऱ्याचं, आणि अशा पेशंटला पुढे आयुष्यभर औषधं घ्यावी लागतात. लग्नाच्या भागापर्यंत पट्टी सुटत नाही.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टीव्हीवर सर्जरी दाखवणं आणि आता आपल्याकडे डॉक्टर 'आधी-नंतर'च्या रील टाकतात ते, पेशंटची सही असेल तर यात अनैतिक काय? — कोल्हापूर

उत्तर : बाळा, सही कशावर आहे ते आधी बघ.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स चॅनलवर 'द स्वॉन' नावाचा शो होता. बायकांना तीन महिने घरापासून लांब ठेवायचे, आरसा बघू द्यायचे नाहीत, बऱ्याच सर्जऱ्या करायच्या आणि मग प्रत्येक भागात दोघींमधून एकीला निवडायचं, निवडलेल्या शेवटी सौंदर्यस्पर्धेत. म्हणजे पेशंट हाच स्पर्धक. आता तूच सांग, चौथ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री एखादीला वाटलं की नको बाई, पुरे झालं, तर ती म्हणेल का? तिच्यावर कॅमेरा आहे, गावभर कळलंय, फी कुणीतरी दुसऱ्याने भरलीये. संमती कागदावर असते, पण 'नाही' म्हणायची वाट उघडी असेल तरच तिला अर्थ. आपल्या सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात हेच सांगितलंय, काय करणार, धोके काय, दुसरे पर्याय काय हे कळल्यावर दिलेली संमती ती खरी, आणि एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसरीला चालत नाही. ऑपरेशनची सही ही रीलची सही नव्हे.

तिकडच्याच एबीसी चॅनलच्या 'एक्स्ट्रीम मेकओव्हर' शोवर तर टेक्सासच्या एका बाईने २००५ मध्ये केस घातली होती. तिचं म्हणणं असं की तिला निवडलं, घरच्यांना कॅमेऱ्यासमोर तिच्या रूपाबद्दल वाईट बोलायला लावलं, आणि ऑपरेशनच्या तोंडावर सांगितलं की तुझा जबडा बरा व्हायला लागणारा वेळ शेड्यूलमध्ये बसत नाही, घरी जा. बघ, परत तेच, बरं व्हायचे दिवस. टीव्हीला पेशंट चालतो, त्याची सूज चालत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं समजू नकोस. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंट खेचण्यासाठी जाहिरात करायला मनाई आहे, आपल्या ऑपरेशनांच्या बढाया मारायलाही आहे. २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने, म्हणजे डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाने, सोशल मीडियासाठी कडक नियम काढले आणि त्याच महिन्यात थांबवून ठेवले, घ्या. त्याआधी २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना हेसुद्धा लिहून द्यावं लागलं होतं की नुसत्या वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून हेअर ट्रान्सप्लांट करायला शिकता येत नाही. हे लिहावं लागलं म्हणजे परिस्थिती काय असेल बघ. त्याच वर्षी मे महिन्यात बंगळुरूला चरबी काढायच्या ऑपरेशननंतर मालिकांमधली एक एकवीस वर्षांची अभिनेत्री गेली. लायपोसक्शन म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं नाही, त्यात रक्त जातं, शरीरातलं पाणी वरखाली होतं, चरबीचा थेंब रक्तातून फुप्फुसात जाऊ शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ आणि आयसीयूची सोय हवी. रीलमध्ये भूलतज्ज्ञ कधी बघितलास का? मी तरी नाही.

शिकवायला व्हिडिओ कर, जरूर कर, पण तिसऱ्या दिवसाचा फोटोपण टाक, बिघडलेली केसपण टाक. मग किती फोन येतात ते मला कळव.

प्रश्न : प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक कुठे घालतात? आणि हे सगळं परदेशी फॅडच ना? — एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, प्लास्टिक घालत नाहीत, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकार देणं, घडवणं असा आहे. आणि परदेशी कसलं, नाकाची गोष्ट सुश्रुतात आहे आणि तुमच्या पुण्याजवळचीही आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांकडचा कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक बसवलं. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही पद्धत बघितली, १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये या ऑपरेशनबद्दल एक पत्र छापून आलं, आणि पुढे १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने तसं ऑपरेशन लंडनमध्ये केलं.

मला त्या पत्रातला आवडता भाग म्हणजे त्यात दिवस मोजलेत. मेणाचा पातळ पत्रा थोट्या नाकावर बसवून माप घ्यायचं, तो कपाळावर सपाट करून रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची पण दोन भुवयांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवस हलवायच्या नाहीत. पाच-सहा दिवस पेशंट उताणा. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ चिंध्या. ती जोडलेली पट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या मासिकाला ही जागा परवडली होती.

कात म्हणजे तुमच्या पानातलाच. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेली फडकी लावायची असंही लिहिलंय, गाईचं की म्हशीचं ते मात्र लिहिलेलं नाही, तेवढ्यासाठी परत पत्र पाठवू नका.