'कर्णबधिर' म्हणजे पिवळा पीतांबर नव्हे

नागपुरातल्या धरमपेठेतल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: "शाळेच्या अहवालात मी 'कर्णबधिर विद्यार्थी' असं लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, बधिर म्हणजेच बहिरा, मग 'कर्ण' कशाला? हा तर पिवळा पीतांबर झाला. सरळ 'मूकबधिर' लिहा. बरोबर काय?"

बाई, तुमचं बरोबर आहे. मुख्याध्यापकांचं चुकलं, आणि दोनदा चुकलं.

संस्कृतात बधिर म्हणजे बहिरा, हे कबूल. पण अहवाल मराठीत आहे. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देऊन हिरडी बधिर करतात. तिथे 'हिरडी बहिरी केली' असं कोणी म्हणत नाही. जुन्या 'बधिर'चा 'बहिरा' झाला, जसा दधिचा दही, गोधूमाचा गहू, आणि आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या मधूकाचा मोह. हा घासून घासून घरचा झालेला शब्द कानापाशी राहिला. संस्कृतातून पुन्हा उचललेला 'बधिर' मात्र अंगभर पसरला. म्हणून मराठीत नुसतं 'बधिर' म्हटलं की काय बधिर, ते सांगावं लागतं. 'कर्ण' तिथे कामाचा आहे.

आता 'मूकबधिर'. हा शब्द रोज कानावर पडतो आणि रोज संताप होतो. जुन्या संस्थांच्या पाट्यांवर तो आहे, तो त्या काळचा; पण आज नव्यानं कशाला लिहायचा? ज्याला ऐकू येत नाही त्याचा गळा, जीभ, स्वरयंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं. बोली कानावर पडलीच नाही म्हणून ती जिभेवर आली नाही, इतकंच. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यानंसुद्धा श्रवणाचा दोष आणि वाचा-भाषेचा दोष वेगवेगळे धरलेत. दोन्ही कानांनी ७० डेसिबलपर्यंतचं ऐकू येत नसेल तर कायद्याच्या लेखी ती व्यक्ती बधिर. त्या व्याख्येत 'मूक' कुठेच नाही.

आणि मूक तरी कोण? परवा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर चार पोरं हातांनी बोलत होती. एकाचा किस्सा रंगात आला होता, दुसरा त्याला मधेच तोडत होता, तिसऱ्यानं पोह्याची प्लेट कठड्यावर ठेवली, कारण त्याला उत्तर द्यायला दोन्ही हात हवे होते. शेजारचे काका हळहळले, "मुके आहेत बिचारे." अख्ख्या ठेल्यावर सगळ्यात जास्त बोलणं त्या चौघांचंच चाललं होतं! त्याला 'हातवारे' म्हणू नका. ती भारतीय सांकेतिक भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे.

असो. खरी गंमत पुढेच आहे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात, २३ व्या सूक्तात, वामदेव ऋषींची ओळ आहे: "ऋतस्य श्लोको बधिरा ततर्द कर्णा". ऋताच्या, म्हणजे सत्याच्या, स्तोत्रानं बधिर कान भेदले. बघा, 'बधिर' हे विशेषण माणसाचं नाही, कानांचं आहे. कर्ण आणि बधिर वेदातच शेजारी बसलेत! पिवळा पीतांबर म्हणणाऱ्यांनी आधी वामदेवाशी भांडावं.

उणादिसूत्रं, म्हणजे शब्द कोणत्या धातूपासून झाला ते सांगणारी संस्कृत व्याकरणातली जुनी सूत्रं, हा शब्द 'बन्ध्' (बांधणे) धातूपासून देतात. ज्या प्रत्ययानं रुधिर आणि मदिरा झाले, त्याच प्रत्ययानं बधिर. म्हणजे बधिर कान हा बांधलेला कान. मला हे शंभर टक्के पटतं. मे महिन्यात बर्डीवर, आपल्या सीताबर्डीच्या बाजारात, या. ऊन लागू नये म्हणून जो तो डोक्याला, कानाला दुपट्टा गुंडाळून फिरत असतो. मागून हाक मारा, कोणी वळत नाही. वेदकाळच्या माणसालाही असाच बांधलेला कान आठवला असणार. मराठीलाही ते ठाऊक आहे, म्हणून आपल्या कानाला दडे 'बसतात'.

यावर भाषाशास्त्री मंडळींचा आक्षेप मला माहीत आहे. जुन्या आयरिशमध्ये बहिऱ्याला 'बोदर' म्हणतात, वेल्शमध्ये 'बदर', आणि हे दोन्ही आपल्या बधिराचेच भाऊ. पण त्यांच्यात 'बन्ध्'मधल्या 'न्'चा मागमूस नाही, तेव्हा बांधण्याशी संबंध जोडू नका म्हणतात. एका अनुनासिकासाठी इतकी जिवंत प्रतिमा टाकून द्यायची? मी देणार नाही. उलट मी आणखी पुढे जातो. इंग्रजीतला 'बॉदर', म्हणजे त्रास देणे, अठराव्या शतकात आयरिश लेखकांच्या लिखाणात पहिल्यांदा दिसतो. कोशकार 'उगम अनिश्चित' लिहून मोकळे होतात. माझ्या मते तो ह्याच 'बोदर'चा. आधी कान किटवणे, मग डोकं उठवणे. म्हणजे ज्या मुलाला आपण 'डोन्ट बॉदर मी' म्हणून हाकलतो, त्या वाक्यात आपला वऱ्हाडातला 'बयरा' लपलेला आहे!

तर बाई, अहवालात 'कर्णबधिर'च राहू द्या. बोलताना 'बहिरा' म्हणायलाही हरकत नाही. अपमान शब्दात नसतो, 'ए बहिऱ्या' या हाकेत असतो. आणि छापायच्या आधी त्या मुलांनाही विचारा. त्यांच्यातले पुष्कळ जण स्वतःला 'डेफ' म्हणवतात आणि आपल्याला 'हिअरिंग'.