‘ते खरे ख्रिस्ती नव्हतेच’ या युक्तिवादाला काय उत्तर द्यावं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात ख्रिस्ती सहकाऱ्याशी वाद झाला. तुम्ही गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून लोकांना शिक्षा करणारं पोर्तुगीज काळातलं न्यायासन, काढलंत आणि तो म्हणाला, ‘ते करणारे खरे ख्रिस्ती नव्हतेच, माणसांच्या पापांसाठी धर्माला दोष कशाला?’ मी पुण्यातला मराठी ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीचा. हे वाक्य आमच्या घरात गेली तीस वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

गोव्याचं आधी संपवतो. तो काही चारदोन माथेफिरूंचा उद्योग नव्हता. 1774 ते 1778 ही वर्षं सोडली तर 1560 पासून 1812 पर्यंत चाललेलं, राजा आणि चर्च दोघांच्या अधिकारानं बसलेलं ते न्यायासन होतं. ते गोव्यात यावं म्हणून पोर्तुगालच्या राजाला 1546 मध्ये पत्र लिहिलं ते मिशनरी फ्रान्सिस झेवियरनं, आणि 1622 मध्ये चर्चनं त्याला संत जाहीर केलं. ज्याला संतपद दिलं तो खरा ख्रिस्ती नव्हता, असं कुठल्या तोंडानं म्हणणार? सहकारी प्रॉटेस्टंट असेल तर म्हणेल, ते कॅथलिकांचं. म्हणू दे. पुढचं सगळं आमच्या प्रॉटेस्टंट घरातलंच आहे.

1994 चा पावसाळा. रात्री साडेनऊच्या सुमारास ताई खडकीहून एकटीच नाना पेठेत आमच्या घरी आली. उजवा हात पदरात गुंडाळलेला. आईनं पदर सोडवला तर मनगटाच्या वर इस्त्रीच्या टोकाचा त्रिकोण, अगदी छापल्यासारखा. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळकसाहेब आले, सोबत दादा. दादा तेव्हा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांत होता. प्रार्थना झाली. मग पाळकसाहेबांनी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढला आणि 22 ते 24 ही वचनं वाचली, स्त्रियांनी आपापल्या पतीच्या अधीन असावं ती. त्यावर सातांच्या सत्तर वेळा क्षमा करण्याचं सांगितलं आणि बायबल मिटलं. ताई डाव्या हातात कप धरून खाली बघत बसली होती. चहावर साय आली तरी तिनं तो तोंडाला लावला नाही. आठवड्यानं दादाच तिला खडकीला सोडून आला.

लगेच पुढचं, 25 वं वचन पतींसाठी आहे. ख्रिस्तानं मंडळीवर प्रीती केली, तिच्यासाठी स्वतःला दिलं, तशी बायकोवर प्रीती करा. दादा आज ते मला तोंडपाठ म्हणून दाखवतो. ‘धर्म हे सांगतो, दाजी तसा वागला नाही. तो खरा ख्रिस्ती नव्हताच. मग धर्माचा काय दोष?’ अरे, पण त्या संध्याकाळी ते वचन कोणी वाचलं का?

दाजीनं हात भाजला, ते दाजीचं पाप. पण भाजलेल्या हाताची बाई परत त्याच घरात गेली ती वचनामुळे, प्रार्थनेमुळे, मंडळीच्या वजनामुळे. ते धर्माच्याच खात्यावर पडणार. पाळकसाहेब दुष्ट नव्हते हो. आजीच्या शेवटच्या आजारात ते रात्ररात्र उशाशी बसले होते. बाबासाहेबांनी 1936 मध्ये जातीबद्दल हेच मांडलं होतं की लोक जात पाळतात ते अमानुष आहेत म्हणून नाही, धर्मनिष्ठ आहेत म्हणून. तुमच्या प्रश्नाची कसोटी मला तीच वाटते. माणूस धर्म मोडून तसा वागला की पाळून?

1996 मध्ये ताई कायमची परत आली. शिवाजीनगर कोर्टातले वकील म्हणाले, घटस्फोट हवा तर नुसत्या मारहाणीवर मिळणार नाही, नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागेल. ख्रिस्त्यांना लागू असलेला 1869 चा कायदा तसा होता. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरे. 2001 मध्ये तो बदलला. तोवर ताई कागदावर त्याचीच बायको.

उपासनेत आम्ही पंडिता रमाबाईंचं नाव छाती फुगवून घेतो. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून त्यांनी जगवल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तेव्हा कोणी म्हणत नाही की ही एका बाईची करणी, धर्माला श्रेय नको. जमा असेल ते धर्माच्या नावानं आणि नावे पडेल ते माणसाच्या, असली वही मला मान्य नाही. खुद्द रमाबाई तरी कुठे गप्प बसल्या? इंग्लंडला वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच सिस्टरांशी पत्रांतून भांडत राहिल्या.

2011 मध्ये दाजी वारला. अंत्यविधीच्या प्रार्थनेत तो ‘प्रभूचा विश्वासू सेवक’ झाला. कबरीवरून परतताना मी दादाला विचारलं, मंडळीच्या रजिस्टरातून त्याचं नाव कधी कमी केलं होतं? प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, त्याला एकदा तरी नाकारलं होतं? उत्तर अजून आलेलं नाही. तुम्हीही सहकाऱ्याला हेच विचारा. खरा नव्हता तर तसं कोणी, कधी जाहीर केलं? तो जिवंत असताना की बोभाटा झाल्यावर?

दोन गोष्टी मात्र राहिल्या. एक, हे फक्त ख्रिस्त्यांना सुनावायला वापरू नका. पर्वतीच्या देवळात अस्पृश्यांना येऊ द्या म्हणून 1929 मध्ये याच पुण्यात सत्याग्रह करावा लागला, आणि वाट अडवणारेही धर्मच पाळत होते. दुसरं, 1560 चा जाब तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं का द्यायचा? त्यानं फक्त वही नीट लिहावी. देव आहे की नाही, तेही यातून ठरत नाही. शिवाय तो घटस्फोटाचा कायदा बदलून घ्यायला वर्षानुवर्षं झगडल्या त्या ख्रिस्ती बायकाच, हेही जमेला धरा.

ताई आजही दर रविवारी उपासनेला जाते. मी जात नाही. मी वर लिहिलेलं तिला वाचून दाखवलं तर निम्मं ती मान्य करणार नाही.